बी-वन

घर दाखवताना एजंट म्हणाला होता,
सहाव्या मजल्यावर डास येत नाहीत, वहिनी.
येतात. लिफ्टने येत असावेत, दूधवाल्याबरोबर,
किंवा खाडीवरून थेट, मिठागरं ओलांडून,
कांजूरला दिवेलागण झाली की.

निनाद, तू आंघोळीआधी स्टुलावर बसतोस,
निळ्या बॉलपेनने प्रत्येक चाव्याभोवती गोल काढतोस
आणि मोठ्याने मोजतोस.
त्या शनिवारी एकोणीस भरले.
एक पापणीवर होता,
तिथे पेन लावू दिलं नाही मी.
समोरच्या विंगेतली श्रावस्ती तेव्हा राजावाडीत होती,
आणि प्लेटलेट हा शब्द
तुला पहाडा पाठ व्हायच्या आधी पाठ झाला.

मग सगळ्यांनी सांगितलं.
सांगणाऱ्यांना या शहरात तोटा नाही.
तळमजल्यावरच्या फुर्तादो आंटी म्हणाल्या, बी-वन दे गं,
अंगाला वास सुटतो. आपल्याला नाही कळत, त्यांना कळतो.
केमिस्ट तोडणकर कात्रीने पट्टी कापता कापता म्हणाला,
देऊन बघा. मी काही खात्री देणार नाही.
वॉचमन गेटपाशी अंड्यांचे ट्रे जाळायचा,
डास जायचे की नाही कोण जाणे,
दुसऱ्या मजल्यावरचे गुप्ते मात्र
खोकत खोकत भांडायला खाली यायचे.
सासूबाई मालवणहून फोनवर,
कडुलिंबाचा तेल नि खोबरेल, अर्धा अर्धा,
पोराच्या पायांक लाव, लाजा नको.

मी सगळंच केलं.
अर्धी गोळी मुरंब्यात.
तेल पोटऱ्यांना, कानांमागे, मानेच्या घडीत.
गवती चहाच्या काड्या काचेच्या बरणीत, खिडकीशी,
पाणी घालून, हिरव्यागार राहाव्यात म्हणून.
शाळेत झोयाने बेंच बदलून मागितला.
तू घरी येऊन सांगितलंस,
तक्रार म्हणून नाही, बातमी म्हणून,
आई, डास बसतात माझ्याजवळ. झोया नाही बसत.

बुधवारी पालिकेचा माणूस आला.
हातात टॉर्च, लांब दांड्याचा डाव.
फ्रिजच्या मागचा ट्रे बघितला, कुंड्यांखालच्या ताटल्या,
आणि बरणीपाशी थांबला.
हे काय ठेवलंय?
डास येऊ नयेत म्हणून, मी म्हटलं,
आणि म्हणता म्हणता मला दिसलं,
काड्यांच्या मधल्या पाण्यात
वळवळणारे स्वल्पविराम, डझनांनी,
डोकं खाली, शेपूट वर.
तू टाचा उंचावल्यास. आई, मासे!

नोटीस फाडू शकला असता तो.
त्याऐवजी डावात थोडं पाणी घेऊन
त्याने तुझ्या नाकासमोर धरलं,
नीट बघ, म्हणाला, आठवड्याभरात उडणारेत हे.
मग बाल्कनीतल्या तापलेल्या लादीवर सगळी बरणी ओतली.
काही मिनिटांत तिथे ओलसुद्धा उरली नाही.
तो गेल्यावर तू विचारलंस,
यांच्या आया कुठे असतील?

मला माहीत होतं.
चावते ती आईच. अंड्यांसाठी रक्त लागतं तिला.
मी म्हटलं, चल, दूध पी.

गोळ्या आता औषधांच्या डब्यात तळाशी आहेत.
मच्छरदाणी आणली, ती तू झोपेत लाथेने सोडवतोस,
मी खोचते, तू सोडवतोस.
म्हणून मी एक करते, जे कुणीच सांगितलेलं नाही.
स्वतःला काही लावत नाही.
गाऊनच्या बाह्या खांद्यापर्यंत दुमडते
आणि तुझ्या नि खिडकीच्या मधे आडवी होते,
हात उघडा, मनगट वर,
जसं पाहुणीपुढे पहिलं पान मांडावं.
कानाशी ती बारीक सूर धरून येते.
ये बाई.
इथे बस. तुझी घाई मला कळते.

सकाळी तू पेन घेऊन माझ्यापासून सुरुवात करतोस.
तुझे अकरा. माझे चार.
तू जिंकलीस, म्हणतोस,
थोडासा रागावून.